दोरीभर गणित

चाकणहून तळेगावच्या रस्त्याला लागले, की महाळुंगे येते. कारखान्यांच्या पत्र्यांमध्ये काही शेते अजून तग धरून आहेत. त्यांतल्याच एकाचा नकाशा एक गुरुजी मुलांकडून काढून घेत होते.

मापाला ३३ फुटांची दोरी. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. कागदावर दोरीला एक सेंटिमीटर. वाकड्यातिकड्या शेताचे त्रिकोण पाडायचे, प्रत्येकाचे क्षेत्रफळ काढायचे आणि बेरीज सातबाऱ्याशी ताडून पाहायची!

जिथे जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली जाते, तिथे हे गणित परीक्षेपुरते कसे राहील? ज्या पोराला आपले शेत मोजता येते, त्याच्या बापाला खरेदीखतावर सही करताना दलालाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.