घर आणि त्याखालची जमीन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मजकडे लेख मागितला, तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपविली होती. धर्म, भाषा आणि सण-उत्सव यांविषयी अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. मी पडलो हिशेबनीस. टेक्सास राज्यातील फ्रिस्को या शहरी राहतो आणि इतरांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासतो. तेव्हा एका व्यवसायाचाच हिशेब वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे. मॉरिशसमधील आपल्या पूर्वजांचा या हिशेबाशी काय संबंध, हे ओघाने स्पष्ट होईल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या चुलतभावाने हा व्यवसाय मजपुढे मांडला. शहरापासून दूर स्वस्तात जमीन घ्यावयाची, कारखान्यात तयार झालेले घर तिच्यावर आणून बसवावयाचे, पाणी, वीज व रस्ता यांची सोय करावयाची आणि मग सर्व मिळून नफ्याने विकावयाचे. भांडवल दोघांचे, धावपळ त्याची आणि हिशेब माझा, असा त्याचा विचार होता.

आपल्या बेटावरील वाचकांस कारखान्यातील घर ही कल्पना नवीन वाटेल. हे घर पोलादी सांगाड्यावर बांधतात. भिंती, छप्पर, मोरी, ओटा, दिव्यांच्या तारा, सारे छताखालीच पूर्ण होते. मग त्यास चाके लावून ते मोटारीने ओढून नेतात. लहान घर एका तुकड्याचे असते. मोठे दोन तुकड्यांत येते व जागेवर जोडले जाते. १९७४ साली अमेरिकेच्या संसदेने या घरांसाठी कायदा केला आणि १५ जून १९७६ पासून देशभर एकच बांधकाम-नियम लागू झाला. त्यानंतरच्या प्रत्येक घराच्या प्रत्येक तुकड्यावर बाहेरच्या बाजूस तांबड्या रंगाची धातूची पट्टी असते. ती नसेल तर शहाण्याने त्या घराच्या वाटेस जाऊ नये. अशी घरे सर्वांत अधिक टेक्सासमध्येच तयार होतात.

घर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे ही फ्रिस्कोची तर जन्मकथाच आहे. १९०२ साली येथे आगगाडी आली. जवळचे लेबनन हे जुने गाव उंचवट्यावर होते, त्यामुळे इंजिनास पाणी देण्याचे ठिकाण काही मैल पश्चिमेस सखल भागात ठेवण्यात आले. लोकवस्ती तिकडे सरकली, आणि लेबननमधील काहींनी आपली घरेच ओंडक्यांवरून ढकलीत नव्या गावी आणली. सेंट लुईस–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेच्या नावावरून गावास फ्रिस्को हे नाव पडले. १९९० मध्ये ज्या गावी सुमारे ६ हजार माणसे होती, तेथे २०२० च्या शिरगणतीत २ लाखांहून अधिक भरली. ओंडक्यांवरून आलेल्या घरांच्या या गावी आज जमीन इतकी महाग आहे की, साध्या कष्टकऱ्याने तिचे नाव काढू नये. शिवाय कारखान्यातील घर कोठे बसवू द्यावयाचे हे नगरपालिका ठरविते. म्हणून आम्हांस तासाभराच्या वाटेवर, हंट आणि फॅनिन या काउंट्यांकडे वळावे लागले.

तेथील जमीन पाहून मी चकित झालो. आपले पूर्वज कोकणच्या तांबड्या मातीतून निघाले आणि मॉरिशसच्या ज्वालामुखीच्या दगडांत येऊन राबले. येथे मात्र देशावरच्यासारखी काळीभोर जमीन दूरवर पसरलेली. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पीक उत्तम देते, पण तिच्यावर ठेवलेले घर ती हलवून सोडते. म्हणून खांबांचा पाया विचारपूर्वक घालावा लागतो आणि पाणी घराखाली साचणार नाही असा उतार द्यावा लागतो. घर बसविण्याचे काम परवानाधारकाकडूनच करवून घ्यावे लागते.

भावाच्या कागदावर तीनच रकमा होत्या: जमिनीची किंमत, घराची किंमत व विक्रीची किंमत. मी त्यांत भर घालीत गेलो. घर ओढून आणण्याचा परवाना व वाहतूक. ती दिवसाउजेडीच करावी लागते. लोखंडी पट्ट्यांनी घर जमिनीस जखडणे. विजेचा खांब. पाण्याची जोडणी अथवा विहीर. मैलापाण्याची टाकी, कारण गटारे तेथवर पोचलेली नाहीत. टाकी घालावयाची तर नव्या आखणीत सार्वजनिक पाणी असल्यास निदान अर्धा एकर आणि स्वतःची विहीर असल्यास निदान एक एकर जमीन लागते, म्हणून तुकडे मनाप्रमाणे बारीक पाडता येत नाहीत. जमीन शेतीच्या सवलतीत असेल तर वापर बदलताच मागील ३ वर्षांच्या कराचा फरक भरावा लागतो. शिवाय घर विकले जाईपर्यंत गुंतलेल्या पैशाचे व्याज. या साऱ्या रकमा मांडल्यावर नफा उरला, परंतु पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. भाऊ हिरमुसला. मी म्हणालो, "हरकत नाही. जो उरला तो खरा आहे."

या धंद्याचा इतिहासही मी त्यास सांगितला. १९९८ साली देशात अशी पावणेचार लाखांच्या घरात घरे विकली गेली. ज्यांची फेडण्याची ऐपत नव्हती त्यांसही कर्जे देण्यात आली होती. हप्ते थकले, घरे जप्त झाली, आणि २००९ साली विक्री ५० हजारांवर घसरली. घर विकणे सोपे असते, ते माणसाच्या हाती टिकणे अवघड, हा त्याचा बोध.

वाऱ्याचा विषय निघाला तेव्हा आमच्या काकूंची, म्हणजे भावाच्या मातोश्रींची, आठवण झाली. फेब्रुवारी १९६० मधील कॅरोल वादळ त्यांनी लहानपणी पाहिले आहे. पत्रा आणि गवत यांची घरे त्या रात्री कशी उडाली, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. त्यानंतरच आपल्याकडे सेंट्रल हाऊसिंग ऑथॉरिटीच्या सिमेंटच्या वसाहती उभ्या राहिल्या. अमेरिकेतही १९९२ च्या अँड्रू वादळाने कारखान्यातील घरांची दाणादाण उडविली, आणि १९९४ पासून किनाऱ्यालगतच्या प्रदेशांसाठी अधिक कडक नियम आले. आमचा भाग किनाऱ्यापासून दूर, म्हणून सौम्य नियमाचा. पण येथे चक्रीवावटळ येते. २५ मे २०२४ च्या रात्री फ्रिस्कोच्या उत्तरेस व्हॅली व्ह्यू परिसरात तिने ७ माणसांचे प्राण घेतले आणि अशा घरांची वस्ती उद्ध्वस्त केली. म्हणून खर्चाच्या यादीत जमिनीत पुरलेल्या आसऱ्याची आणखी एक रक्कम मी लिहिली. भावाने त्यावर वाद घातला नाही. त्याच्या आईची गोष्ट त्यालाही ठाऊक होती.

खरा वाद पुढे झाला. नफा निम्मा झाल्यावर भावाने दुसरा कागद काढला. त्यात त्याने लिहिले होते की, जमीन विकावयाचीच नाही. तिच्यावर आठ-दहा घरे बसवावयाची, घरे लोकांस हप्त्याने विकावयाची आणि जमिनीचे भाडे दरमहा घेत राहावयाचे. अशा वस्त्या अमेरिकेत सर्वत्र आहेत. हिशेबाने पाहता हा कागद पहिल्याहून कितीतरी सरस होता. एकदा नफा घेऊन संपत नाही, आणि भाडे वाढविता येते. भाडेकरू जाईल कोठे? घरास चाके लागून आली असली तरी एकदा बसलेले घर पुन्हा हलविण्यास हजारो डॉलर लागतात, आणि जुने घर तर तो प्रवास सोसतही नाही. घर त्याचे, परंतु ते उभे आहे ती भूमी दुसऱ्याची. या असहायतेवरच त्या नफ्याची इमारत उभी आहे, हे जाणून अलीकडे मोठमोठ्या गुंतवणूक संस्थांनीही अशा वस्त्या विकत घेतल्या आहेत.

सुज्ञ वाचकहो, हे वाचून आपणांस काही आठवले असेल. नोव्हेंबर १८३४ मध्ये 'ॲटलास' जहाज पोर्ट लुईसला लागले, त्यानंतर पाऊणशे वर्षे गिरमिटिये येत राहिले. मुंबई बंदरातून आपले मराठी पूर्वजही आले. त्यांस इस्टेटीच्या 'कां'मध्ये खोली मिळे. तिच्यात त्यांनी संसार केले, चुली मांडल्या, दारात तुळस लावली, पण खोली इस्टेटीची होती. काम सुटले की घर सुटले. करार संपलेल्या माणसाने निराळे राहू म्हटले, तर १८६७ च्या कायद्याने त्याला फिरस्ता ठरवून पकडावे. घर गमावण्याचे भय हीच त्या मजुराच्या पायातील सर्वांत मजबूत बेडी होती.

ती बेडी कशाने तुटली? भूमीने. जगात साखरेचे भाव पडले आणि १८८० च्या सुमारापासून इस्टेटवाले जमिनीचे तुकडे करून विकू लागले. त्यालाच आपण मोठे मोर्सेलमाँ म्हणतो. गाई पाळून, भाजी विकून, पैशास पैसा जोडून आपल्या लोकांनी ते तुकडे घेतले. एक आर्पां म्हणजे एकराहून किंचित अधिक, तोही दगडांनी भरलेला. परंतु त्यावरची झोपडी कोणी काढून घेऊ शकत नव्हते. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या व्यवहारांत मध्यस्थांनी नफा कमावला. मोठे क्षेत्र घेऊन, तुकडे पाडून, हप्त्याने विकणाऱ्यांत आपलेच सरदार आणि व्यापारीही होते. कित्येकांचे हप्ते थकले व तुकडे परत गेले. तरीही ज्यांच्या हाती खत पडले त्यांची मुले शाळेत गेली. म्हणजे नफा हे पाप नव्हे. विकत घेणाऱ्याच्या हाती अखेर काय उरते, यावर त्या नफ्याची प्रतिष्ठा अवलंबून असते.

भावाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. तो म्हणाला, "दादा, ज्याच्याजवळ जमिनीपुरते पैसेच नाहीत, त्याला भाड्याची जागा तरी कोण देतो? आपण नाही दिली तर तो मोटारीत झोपेल." या प्रश्नास मजजवळ पुरते उत्तर नव्हते, आजही नाही. आमचे बोलणे चार-पाच दिवस तुटल्यासारखे झाले. मग त्यानेच दूरध्वनीवर आईला दोन्ही कागद समजावून सांगितले. काकूंचे बालपण कांमध्येच गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्या माणसाची उद्या नोकरी गेली, तर घर राहील ना रे त्याचं?"

त्यानंतर आम्ही पहिला कागद धरला. एक एकर घेतला, रीतसर परवानाधारकांमार्फत एक घर बसविले आणि गेल्या वर्षी ते छपरे घालणाऱ्या एका मजुराच्या कुटुंबास जमिनीसह विकले. टेक्सासमध्ये असे घर आरंभी मोटारगाडीसारखी जंगम वस्तू समजले जाते. तिच्यावरील कर्जास व्याजही अधिक पडते. मालकीच्या दाखल्यात ते स्थावर म्हणून नोंदवून काउंटीच्या दप्तरी चढविले, म्हणजे घर व भूमी कायद्याने एक होतात. ते सर्व आम्ही करून दिले. आपल्याकडे नोतेर करतो ते काम येथे टायटल कंपनी करते. सह्या झाल्यावर त्या गृहस्थाने खतातील जमिनीच्या चतुःसीमा मुलीकडून मोठ्याने वाचून घेतल्या. नफा मी मांडलेल्या आकड्याच्या आसपासच झाला. दुसऱ्या तुकड्याचे काय करावयाचे, यावर आम्हां भावांचा विचार चालू आहे. दुसरा कागद त्याने फाडलेला नाही, हेही मला ठाऊक आहे.

आपल्या बेटावर आजही मोर्सेलमाँच्या जाहिराती झळकतात, आणि आपली मुले जगभर जमिनी घेत आणि विकीत आहेत. त्यांस माझी एवढीच विनंती आहे. घेणाऱ्याने घराची भिंत ठोकून पाहावी, त्याआधी त्याखालच्या जमिनीचे खत पाहावे. आणि विकणाऱ्याने नफा अवश्य घ्यावा, मात्र घर देताना भूमी मागे ठेवू नये. आपल्या पूर्वजांस छप्पर पहिल्याच दिवशी मिळाले होते. भूमी मिळावयास मात्र दोन पिढ्या जाव्या लागल्या.