मात्रांची बेरीज

टायरच्या भिंतीवर उठवलेला मजकूर एकाच मोजपट्टीने वाचता येत नाही. आमच्या जुन्या स्विफ्टच्या टायरवर ‘१६५/८० आर १४’ असे होते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्क्यांचा, म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. शेवटचा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. मधला ‘आर’ रेडियल बांधणीचा. दोन राज्यांची नाणी एकाच बाजारात चालावीत तसा हा प्रकार, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नाही.

जून तोंडावर आला होता आणि टायरच्या खाचा कायद्याने घालून दिलेल्या १.६ मिलिमीटरच्या मर्यादेपाशी येऊन ठेपल्या होत्या. मणक्याच्या दुखण्याने जेरीस आलेल्या आमच्या मातोश्रींना आठवड्यातून दोनदा डोंबिवलीहून शिळफाटा-मुंब्रामार्गे ठाण्यास उपचारासाठी आणावे लागते. त्या रस्त्यावरच्या पावसाळी खड्ड्यांचे वर्णन करण्याचा मोह आम्ही आवरतो. इतकेच सांगतो, की टायर हा आमच्या घरात हौसेचा विषय नव्हता.

वागळे इस्टेट ही औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी आरंभीच्या, म्हणजे १९६२ च्या सुमाराच्या वसाहतींपैकी. कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण टायरची दुकाने आणि गॅरेजे टिकून आहेत. आम्ही गेलो त्या दुकानात मूळ मापाचा माल नव्हता. दुकानदाराने ‘१८५/७५ आर १४’ पुढे केला. ‘काका, गाडी उचलून दिसेल,’ असे त्याचे म्हणणे. गाडी कशी दिसते यापेक्षा आत बसलेल्या माणसाचे काय होते याची आम्हांस काळजी, म्हणून आम्ही पावतीच्या पाठीवर गणित मांडले.

छंदशास्त्र शिकवणाऱ्यास ते अवघड जाऊ नये. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला. मात्रावृत्तात दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, बेरीज मात्र ढळता कामा नये. टायरचेही तसेच: रुंदी वाढवली तर टक्केवारी उतरवायची, म्हणजे एकूण व्यास राहतो. मूळ टायरचा व्यास सुमारे ६२० मिमी. दुकानदाराच्या टायरचा ६३३, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त. काटा ८० दाखवील तेव्हा गाडी सुमारे ८२ ने धावेल. ही तफावत एकवेळ चालवून घेता येईल, पण पूर्ण वळण घेताना किंवा खड्ड्यात आदळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासणार नाही याची हमी कोण देणार? ‘१८५/७० आर १४’ चा व्यास मात्र सुमारे ६१५, एका टक्क्याहूनही कमी फरक. भिंत अवघी अडीच मिलिमीटर बुटकी, म्हणजे धक्के पचवण्याची ताकद जवळजवळ तीच.

गंमत अशी, की त्याच स्विफ्टच्या वरच्या आवृत्तीला कंपनीनेच ‘१८५/६५ आर १५’ दिला होता आणि त्याचा व्यास आमच्या मूळ टायरहून फक्त दोनेक मिलिमीटर जास्त भरतो. लेखकाने स्वतः मान्य केलेला पाठभेद म्हणतात तो हाच. त्यासाठी रिम बदलणे आले, म्हणजे खर्च दुप्पट. तो विचार आम्ही तिथेच सोडला.

रुंद टायर म्हणजे पावसात हमखास पकड, हा बाजारातला समज मात्र आम्हांस पटत नाही. नुसत्या ओल्या डांबरावर तो खरा ठरू शकतो. साचलेल्या पाण्यात उलट रुंद टायर तरंगण्याकडे अधिक झुकतो, तिथे खाचांची खोली आणि बेताचा वेग हेच कामास येतात. इंधनही थोडे जास्त जाते. आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती भारांकाची. मूळ टायरवर ८५ होता, म्हणजे प्रत्येकी ५१५ किलो. नव्यावर ८८, म्हणजे ५६०. तो मूळ अंकाखाली जाता कामा नये, मग माप कितीही मोहक असो.

शेवटी ‘१८५/७०’ चे चार टायर घेतले. दोनच घ्या, असा सल्ला मिळाला होता, तो ऐकला नाही. शेवटचे चार आकडे पाहून, म्हणजे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष तपासून, मगच बसवू दिले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग झाले. स्टेपनी जुन्याच मापाची आहे. वेळ पडल्यास ती जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत हळू चालवत न्यायची, असे ठरले आहे. गाडी लावताना स्टिअरिंग किंचित जड लागते. मुंब्र्याच्या वळणावर मातोश्रींनी अजून तरी ‘हळू’ म्हटलेले नाही.