रिकवुड फील्ड : एक मैदान, दोन संघ

खेळाची मैदाने सहसा फार काळ टिकत नाहीत. जमिनीला भाव येतो, संघ दुसऱ्या गावी जातो, आणि जेथे हजारोंच्या आरोळ्या उठत तेथे दुकानांची रांग उभी राहते. अमेरिकेत तर नव्याची हौस अधिकच. त्या देशात अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम या शहरी १८ ऑगस्ट १९१० रोजी खुले झालेले रिकवुड फील्ड हे बेसबॉलचे मैदान अद्यापि उभे आहे. व्यावसायिक बेसबॉलच्या तेथील मैदानांत ते सर्वांत जुने. लेकीकडे अटलांटाला गेलो असता मोटारीने अडीच तासांचा प्रवास करून आम्ही उभयतांनी ते मुद्दाम पाहिले.

बर्मिंगहॅम हे लोखंड-कोळशाचे गाव. रिक वुडवर्ड नावाच्या तरुण कारखानदाराने तेथील 'बॅरन्स' हा संघ विकत घेतला आणि पोलाद व काँक्रीटचे मैदान बांधून त्यास आपल्याच नावाचे तुकडे जोडून नाव दिले. बॅरन्स हा मायनर लीगचा, म्हणजे दुय्यम श्रेणीचा संघ. अशा संघांत उमेदीचे खेळाडू तयार होतात व पुढे मोठ्या शहरांच्या संघांत जातात. १९२८ मध्ये स्पॅनिश धाटणीचे प्रवेशद्वार झाले, १९३६ मध्ये रात्रीच्या खेळासाठी दिवे आले. छपरावरून मैदानाकडे झुकलेले ते दिव्यांचे मनोरे पाहून आम्हांस विहिरीत डोकावणाऱ्या माणसांची आठवण झाली.

परंतु या वास्तूचे खरे वैशिष्ट्य बांधकामात नाही. १९२० पासून येथे आणखी एक संघ खेळू लागला, 'ब्लॅक बॅरन्स'. गोरे बॅरन्स परगावी गेले की हे कृष्णवर्णीय खेळाडू मैदान भाड्याने घेत. सॅचेल पेजसारखा अलौकिक गोलंदाज येथे गाजला. १९४८ मध्ये विली मेज हा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा याच संघातून खेळला. पुढे तो बेसबॉलच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला. गोऱ्यांच्या सामन्यास कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी दूरच्या उघड्या बाकांवर बसावयाचे. ब्लॅक बॅरन्सच्या सामन्यास गोऱ्यांसाठी वेगळी जागा राखलेली. तेच गवत, तेच छप्पर. परंतु हे दोन संघ एकमेकांसमोर कधी उभे राहिले नाहीत. श्रेष्ठ कोण, हे त्या गावाला कळले नाही, आणि आता कळणारही नाही.

१९५० मध्ये नगरपालिकेच्या नियमात पत्ते, फासे व सोंगट्यांच्या पंक्तीस बेसबॉलही बसविण्यात आला : गोऱ्या व कृष्णवर्णीय माणसांनी हे खेळ एकत्र खेळणे गुन्हा! १९५४ च्या प्रारंभी हे बंधन सैल झाले. जॅकी रॉबिन्सनचा संघ येथे येऊन खेळूनही गेला. आणि जूनमध्ये नागरिकांनी चक्क मतदान करून ते बंधन परत आणले. (हे वाचून परदेशीयांस नावे ठेवण्याचा मोह आपण आवरावा. पालवणकर बाळूसारख्या गोलंदाजाला पुण्यात चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही.)

बॅरन्सच्या सामन्यांचे रेडिओवरून वर्णन करून लोकप्रिय झालेला बुल कॉनर पुढे शहराचा पोलीसप्रमुख आयुक्त बनला. १९६३ मध्ये निदर्शक मुलांवर कुत्रे व पाण्याचे झोत सोडविणारा तो हाच. त्याआधीच, १९६१ च्या हंगामानंतर, हट्टाने गोरी राहिलेली सदर्न असोसिएशन ही लीग बंद पडली होती आणि मैदानावर दोन वर्षे शुकशुकाट होता. भेद सोडण्यापेक्षा खेळ सोडलेला त्या मंडळींना परवडला! १९६४ मध्ये मिश्र संघ आला तेव्हा कुठे खेळ परतला. १९६७ मध्ये येथे खेळलेल्या रेगी जॅक्सनला मात्र उपाहारगृहे व निवासगृहे दारातून परत पाठवीत होती. ही हकीकत त्याने सत्तावन्न वर्षांनंतर याच मैदानावरून दूरचित्रवाणीवर सांगितली, ती अजूनही कडवटपणे.

१९८७ नंतर बॅरन्स उपनगरातील नव्या मैदानात गेले. रिकवुडही पाडले जाते; पण १९९२ मध्ये काही नागरिकांनी एकत्र येऊन त्याची देखभाल अंगावर घेतली. त्या लोकांविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो, कारण त्यांनी जपले ते केवळ गौरवाचे स्थळ नव्हे.

मे २०२४ च्या अखेरीस कृष्णवर्णीयांच्या जुन्या लीगमधील आकडे अधिकृत नोंदींत मिसळण्यात आले, आणि मेजच्या नावावर १९४८ मधील दहा हिट्स जमा झाल्या. १८ जूनला रिकवुडवर दुय्यम श्रेणीचा सामना चालू असताना त्याच्या निधनाची वार्ता आली, वय त्र्याण्णव. प्रेक्षक उभे राहिले व बराच वेळ टाळ्या वाजवीत राहिले. दोनच दिवसांनी त्याचा जुना संघ जायंट्स येथे सेंट लुईसशी खेळला व ६-५ असा हरला. त्या सामन्याचे सर्वच पंच कृष्णवर्णीय होते. मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच.