सीझरचा मुखवटा

परुश्यांचे शिष्य आणि हेरोदी मिळून सापळा रचून आले, तेव्हा प्रभूने आधी कराचे नाणे पाहावयास मागितले. ते त्याच्या कनवटीस नव्हते. विचारणाऱ्यांपाशी मात्र लगेच निघाले. मत्तयकृत शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय वाचताना आमचे मन नेहमी या तपशिलाशी थबकते.

ते नाणे बहुतेक अभ्यासकांच्या मते तिबेरियस बादशहाचा (इ. स. १४ ते ३७) चांदीचा दिनार. एका बाजूस बादशहाचे मस्तक व ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ असा लेख. दुसऱ्या बाजूस आसनस्थ स्त्री आणि ‘पोंतिफ माक्सिम’, म्हणजे महापुरोहित. हीच पदवी पुढे पोपमहोदयांच्या नाण्यांवर यावी, ही इतिहासाची गंमतच म्हणायची. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराला दिवसभराच्या कष्टाबद्दल मिळाला तो हाच दिनार.

आपल्या देशाला हे नाणे परके नाही. भारतात मिळालेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस व तिबेरियस यांचीच अधिक, विशेषतः दक्षिणेत. मिरी, मलमल आणि रत्ने यांच्या मोबदल्यात ती आली. भारत दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार होती. ‘दिनार’ हा शब्दही येथे रुजला आणि गुप्तांच्या शिलालेखांत सोन्याच्या नाण्यासाठी वापरला गेला. १८९८ साली पुदुकोट्टई संस्थानात ५०१ सुवर्णनाणी मिळाली, त्यांतील बहुतेकांवर बादशहाच्या मुखावर छिन्नीचा घाव होता. ती पुन्हा चलनात येऊ नयेत म्हणून असे केले असावे, असे मानतात. येथे सीझरचे तोंड चालत नव्हते, त्याची धातू चालत होती!

सातारा-सांगलीकडेही तो काळ अगदीच दूर नाही. कऱ्हाडचे जुने नाव भारहुतच्या दानलेखांत आढळते, आगाशिवाच्या डोंगरात लेणी आहेत. आणि शेजारच्या कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, १९४०च्या दशकात रोमन समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती निघाली. ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात जरूर पाहावी. कृष्णेचे पाणी ओसरल्यावर मुले आम्हांस नाणी दाखवावयास आणतात, ती मात्र बहुधा शिवराई किंवा इंग्रजी पैसे. जमिनीत दडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर १८७८च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे, हेही त्यांना सांगावे लागते.

गतवर्षी आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध विधवा भगिनीने असेच एक नाणे पुढे ठेवले. मुलाने पवित्र भूमीच्या यात्रेत ते घेतले होते. किंमत तिच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढी. नाताळात ते देवळास अर्पण करावे, ही तिची इच्छा. तिबेरियसचा दिनार साधारण पावणेचार ग्रॅम भरतो. सराफाच्या काट्यावर हे तीनदेखील भरले नाही. ऐरणीवर ठोकलेल्या नाण्याची कड वेडीवाकडी, कधी तडकलेली असते. याच्या कडेला साच्याची बारीक शिवण होती, आणि भिंगाखाली अक्षरांमध्ये हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे. ओतीव नक्कल, यात शंका नव्हती.

सांगावे की न सांगावे? आमच्या मते, देवळास अर्पण होणाऱ्या वस्तूविषयी मौन हेही खोटेच. म्हणून धर्मगुरूंकडे जाण्यापूर्वी तिच्या घरी जाऊन सगळे सांगितले. ती बराच वेळ नाणे चिमटीत फिरवीत राहिली.

“पोराला सांगू नका, गुरुजी. त्यानं लई मायेनं आणलंय.”

“नाही सांगणार, मावशी.”

“आन् त्यावर लिवलंय ते तरी खऱ्यासारखंच हाय न्हवं?”

अक्षरे अचूक होती. तेव्हा तिनेच मार्ग काढला. देवळात न देता नाणे धर्मशिक्षण वर्गाला दिले आणि डबीवर आमच्याकडून ‘नक्कल’ असे ठळक लिहवून घेतले. बाविसावा अध्याय शिकविताना ते आता बाकाबाकांवरून फिरते, आणि मुले त्यावरचा मुखवटा कोणाचा ते एकमेकांना विचारतात.