साउंडबारचा रिमोट आणि तेरावी तार

साताऱ्याचा पोवई नाका असो की सांगलीचे विश्रामबाग, दिवाळीत साउंडबार घेतलेल्या घरांतून दुकानदाराकडे येणारी तक्रार ठरलेली असते: टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होत नाही, म्हणजे रिमोट बिघडला. हे निदान बहुधा चुकीचे असते आणि त्यावर गळ्यात मारला जाणारा ‘युनिव्हर्सल’ रिमोट हा त्याहून चुकीचा उपाय असतो. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले त्या सांगलीत आणि तंतुवाद्ये घडवणाऱ्या शेजारच्या मिरजेत कान तयार असलेल्यांची वाण नाही. जोडणी समजून घेण्याचा कंटाळा मात्र तेथेही तितकाच आहे.

साधा रिमोट अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण सोडतो; ते सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा उघडझाप करतात आणि मधल्या लहानमोठ्या विरामांतून उपकरणाचा पत्ता व आज्ञा कळवली जाते. फिलिप्सच्या आरसी-5 पद्धतीत ही गती 36 हजार, तर सोनीच्या पद्धतीत 40 हजार असते, त्यामुळे परका रिमोट जवळून चालतो आणि पलंगावरून चालत नाही, असेही घडते. सामान्य वाचकाला हा तपशील जड वाटेल, परंतु पत्ता जुळल्याखेरीज साउंडबार आज्ञा मानत नाही, एवढे तरी त्यातून ध्यानात यावे.

खरा घोळ केबलचा आहे. तोशिबाने 1983 मध्ये आणलेली ऑप्टिकल केबल प्रकाशाच्या रूपाने केवळ ध्वनी वाहून नेते. तिच्यातून आज्ञा जात नाही. एचडीएमआय केबलमध्ये मात्र तेराव्या क्रमांकाची जोडणी सीईसी या व्यवस्थेसाठी, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्यासाठी, राखलेली असते, आणि 2009 च्या 1.4 आवृत्तीपासून एआरसी लिहिलेल्या खाचेतून टीव्हीचा ध्वनी साउंडबारकडे उलटा पाठवता येतो. मानकाने ही तेरावी तार अनिवार्य केली, तिचा वापर मात्र ऐच्छिक ठेवला; शिवाय एकाच सोयीला सॅमसंगने ‘एनीनेट प्लस’, एलजीने ‘सिम्पलिंक’, सोनीने ‘ब्राव्हिया सिंक’ अशी नावे दिल्यामुळे सेटिंगमध्ये ‘सीईसी’ शोधणाऱ्या ग्राहकाच्या हाती काहीच लागत नाही. या नामकरणाला व्यापारी कारण असेल, तांत्रिक कारण एकही नाही.

घरात हाताशी असतो तो सेट-टॉप बॉक्सचा रिमोट. त्यात ‘शिकणारी’ बटणे असतील, तर ती टीव्हीच्या रिमोटकडून न शिकवता साउंडबारच्या रिमोटसमोर धरून शिकवावीत. मग ऑप्टिकल जोडणीतही आवाज ताब्यात येतो, अर्थात साउंडबारचा रिमोट ब्लूटूथवर चालणारा नसेल तरच. चालू-बंदचे बटण मात्र या उपायालाही दाद देत नाही, कारण पुष्कळ उपकरणांत चालू आणि बंद या दोन्हींसाठी आज्ञा एकच असते. वीज जाऊन आल्यावर एक उपकरण जागे आणि दुसरे झोपलेले राहिले, की दोघांच्या आज्ञा शिकवलेले ते बटण दाबताच केवळ अदलाबदल होते. अशा वेळी साउंडबारच्या किरण टिपणाऱ्या भिंगावर तळहात धरून एकट्या टीव्हीला आज्ञा देणे, यापेक्षा सभ्य उपाय निदान या रिमोटपाशी तरी नाही.