महाडचा थांबा

दापोली-खेडकडून मुंबईला निघालेल्या माणसाला कशेडी आणि पोलादपूर मागे पडले की महाड लागते. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री नदी याच गावाजवळून बाणकोटच्या खाडीकडे जाते. रायगड किल्ला जवळच आहे. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला ते चवदार तळेही इथलेच. आमच्यासारखे प्रवासी मात्र बहुधा चहापुरते थांबतात आणि पुढे निघतात. रस्त्याकडेच्या गॅरेजांकडे तर गाडी धड असेपर्यंत कुणाचे लक्षही जात नाही.

माझा भाचा हंगामात हापूसच्या पेट्या पिकअपमधून वाशीच्या बाजारात पोहोचवतो. मे महिन्याच्या सुट्टीत मीही त्याच्यासोबत निघालो होतो. निम्म्या पेट्या मोहल्ल्यातल्या एका आजींच्या होत्या. त्यांच्या घरात कमावते कुणी नाही. वर्षाचे औषधपाणी थोड्याशा कलमांवर चालते.

पोलादपूर सोडल्यावर बॉनेटमधून करकर सुरू झाली. महाडला येईपर्यंत ती एवढी वाढली की आम्ही एका गॅरेजसमोर गाडी उभी केली. साठीतल्या उस्तादांनी इंजिन बंद करायला लावले, थोडे निवू दिले आणि बॅटरीची वायर सोडवली. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा फिरतो, हे त्यांच्या हाताखालच्या पोराने आधी खडूने फरशीवर काढून ठेवले. मग टेन्शनर ढिला करून पट्टा उतरवला आणि एकेक पुली बोटाने फिरवून पाहिली. चांगली पुली गुपचूप फिरते. पट्ट्याला दिशा देणारी मधली पुली मात्र वाळू भरल्यासारखी खरखरत होती आणि डुगडुगतही होती. धूळ-पाण्याने आतल्या बेअरिंगचे ग्रीस संपले होते.

‘‘उस्ताद, पनवेलपर्यंत तरी चालेल का?’’ भाच्याने विचारले.

‘‘चालेल बेटा, पण कुठपर्यंत ते पुलीच सांगेल. ती अडकली की पट्टा तुटणार. पट्टा तुटला की वॉटर पंप थांबणार, डायनामो थांबणार. इंजिन तापेल, बॅटरी उतरेल. रात्रीच्या वेळी भरल्या गाडीने कुठे उभा राहशील?’’

भाचा गप्प झाला. दुकानातून आलेली पहिली पुली उस्तादांनी जुन्या पुलीशेजारी ठेवली आणि परत पाठवली. घेर तोच होता, पण रुंदी किंचित जास्त होती; पट्टा सरळ रेषेत चालला नसता. दुसरी पुली येईपर्यंत मगरिबची अजान झाली. तेवढ्या वेळात भाच्याने पेट्यांवरची ताडपत्री सोडून माल हवेशीर केला, दलालाला उशीर होईल असे कळवले आणि आजींनाही फोन केला.

‘‘नानी, गाडी बिघडलीय. माल उशिरा पोहोचेल, भाव थोडा कमी येईल कदाचित.’’

पलीकडून उत्तर आले, ‘‘तू सांभाळून जा रे बाबा. आंबे काय, पुढच्या वर्षी परत लागतील.’’

नवी पुली बसली. बोल्ट बेताने कसला, खडूच्या खुणेप्रमाणे पट्टा चढवला आणि त्याच्या धारा खाचांत नीट बसल्यात का, ते उस्तादांनी बोट फिरवून तपासले. इंजिन सुरू झाले तेव्हा करकर नव्हती. त्यांनी पुलीचे पैसे आणि तासाभराची मजुरी एवढेच घेतले. पट्टा बदलू का, असे आम्हीच विचारले, तर म्हणाले, ‘‘चिरा पडलेल्या नाहीत. हा हंगाम निघेल.’’

वाशीला आम्ही नेहमीपेक्षा उशिरा पोहोचलो. भाव थोडा उतरला होता. हिशेब करताना भाच्याने दुरुस्तीचा खर्च पेट्यांवर वाटला नाही, आपल्या भाड्यातून वजा केला. ‘‘गाडी माझी आहे मामू, आंबे त्यांची अमानत,’’ एवढेच तो म्हणाला.

ज्यांच्या घरी गाडीवर रोजी चालते त्यांनी हंगामाआधी एकदा पट्टा उतरवून पुल्या हाताने फिरवून घ्याव्यात. काम अर्ध्या तासाचे असते. कधीकधी त्या गाडीत दुसऱ्या कुणाच्या घरचे वर्ष भरलेले असते.