जगन्नाथ सम्राटांचं जयपूर

जयपूरच्या जंतरमंतरात गाइड सगळ्यांना आधी सम्राट यंत्रापाशी नेतो. 27 मीटर उंचीची तिरकी भिंत, तिच्यावर आभाळाकडे निघालेला जिना. सावली मिनिटाला सहा सेंटिमीटरहून जास्त सरकते. नजर रोखली तर चालताना दिसते. गाइड सवाई जयसिंहाचं नाव घेतो, 1727 ला शहर वसवलं म्हणतो आणि पुढच्या यंत्राकडे वळतो.

मी आलो होतो तो जगन्नाथ सम्राटांसाठी. हे ‘गंगालहरी’वाले जगन्नाथ नव्हेत. हे महाराष्ट्रीय ब्राह्मण, जयसिंहाच्या पदरी असलेले ज्योतिषी. पुरंदरच्या तहाच्या वेळी सवाई जयसिंहाचे पूर्वज मिर्झाराजे जयसिंह यांनी विशीतल्या जगन्नाथांना उत्तरेत नेलं, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर 1732 मध्ये ‘सिद्धान्तसम्राट’ लिहिताना त्यांचं वय निदान सत्त्याऐंशी भरतं. मला काही हे पटत नाही.

छोटी चौपडवरून गणगौरी बाजारातून उत्तरेला चालत गेलं की नाहरगडाच्या पायथ्याशी ब्रह्मपुरी लागते. जयसिंहाने विद्वान ब्राह्मणांना इथेच वसवलं. त्याचे गुरू रत्नाकर पुंडरीक, तेही महाराष्ट्रीय. त्यांच्या घराण्याची चित्रांनी भरलेली हवेली अजून उभी आहे. जगन्नाथांचं नाव सांगणारी पाटी मला या गल्ल्यांत दिसली नाही.

खरं तर त्यांचं काम केवढं! ते अरबी शिकले. तेराव्या शतकातल्या नसीरुद्दीन तूसीने युक्लिडची भूमिती अरबीत नव्याने मांडली होती. तिचे पंधरा अध्याय जगन्नाथांनी ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणले. टॉलेमीचा खगोलशास्त्रावरचा ग्रंथही त्यांनी अरबीतूनच आणला, तो ‘सिद्धान्तसम्राट’मध्ये. गंमत अशी, की ‘सिद्धान्तसम्राट’मध्ये त्या ग्रंथाचं ‘मिजास्ती’ हे अरबी नाव ते सरळ सांगतात, पण ‘रेखागणिता’त युक्लिडचा पत्ताच नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितलं, मधल्या काळात ते लोपलं, असं तिथे म्हटलं आहे. परक्याची विद्या पंडितांच्या गळी उतरवायची, तर तिला ब्रह्मदेवाचं गोत्र लावणं सोयीचं होतं. मला यात लबाडीपेक्षा व्यवहार जास्त दिसतो. पण युक्लिडवर अन्याय झाला तो झालाच.

‘रेखागणित’ छापून निघालं ते मुंबईत, बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये, दोन खंडांत, 1901-02 साली.